ताई, उद्या जमणार नाही

रत्नागिरीत टॅटू काढून घेणं आता नवलाईचं राहिलेलं नाही. कॉलेजातली मुलं, मिरकरवाड्यावरचे खलाशी, लेकराचं नाव मनगटावर हवं असलेल्या आया, सुट्टीत गावी आलेले चाकरमानी, सगळेच टॅटूवाल्याकडे जातात. डॉक्टरकडे नंबर कसा लावायचा, हॉल ठरवल्यावर लग्नाची तारीख बदलली तर इसाऱ्याचं काय होतं, हे रिवाज आपल्या अंगवळणी पडलेत. टॅटूच्या तारखेचे रिवाज मात्र अजून बसलेले नाहीत. तारीख कशी घ्यावी, बदलायची तर कधी कळवावं, अ‍ॅडव्हान्स परत मागावा की मागू नये, याबाबत गिऱ्हाईक एक धरून चालतं आणि टॅटूवाला दुसरंच. विषय दिसायला किरकोळ, पण इथे एकाची रोजीरोटी आणि दुसऱ्याची जन्मभराची खूण एकाच तारखेला बांधलेली असते. म्हणून दोन्ही बाजू समोरासमोर बसवल्या आहेत. भाची शहरात एका गाळ्यात टॅटूचं काम करते. मामा कोकण रेल्वेच्या आरक्षण खिडकीवरून निवृत्त झाले आणि आता लोकांच्या ग्राहक-तक्रारींत लक्ष घालतात. ही दोन माणसं कल्पनेतली आहेत. त्यांचा वाद तसा नाही.

मामा : तुझ्या गाळ्यातली पाटी वाचली गो. ‘अ‍ॅडव्हान्स कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही.’ एवढं कडक तर आमच्या रेल्वेतही नव्हतं. तिकीट रद्द केलं की कपात व्हायची, नाही असं नाही. पण गाडी सुटायला जितका अवकाश जास्त, तितकी कपात कमी. चार दिवस आधी सांगणारा आणि चार तास आधी सांगणारा यांना एकाच मापाने कसं मोजतेस?

भाची : मामा, एक प्रवासी आला नाही म्हणून तुमची गाडी फलाटावर उभी राहत नव्हती. वर वेटिंग लिस्ट होतीच. माझ्याकडे दिवसाला दोन माणसं होतात, मोठं काम असलं तर एकच. रात्री साडेअकराला मेसेज येतो, ‘ताई, उद्या जमणार नाही.’ सकाळी दहाला मी दुसरं माणूस कुठून आणू? आणि आणलं तरी त्याचं डिझाइन तयार नको?

मामा : डिझाइन म्हणजे मोबाईलवरचं चित्रच ना? ते दाखवायचं आणि काढायचं.

भाची : तसं असतं तर बरंच झालं असतं. मागे एका मुलीला वडिलांची सही हातावर हवी होती. सही कुठली, तर बँकेच्या जुन्या पासबुकावरची, शाई फुटलेली. मी आधी ती मोठी करून ट्रेस केली. सहीतलं एक अक्षर इतकं मिटलेलं होतं की तसंच काढलं असतं तर काही वर्षांत त्याचा ठिपका झाला असता, कारण कातडीतली रेघ काळाबरोबर थोडी पसरतेच. म्हणून ते अक्षर केसभर मोकळं केलं, तेही सहीची लकब न बिघडवता. मग तीन वेगवेगळ्या मापांत कागदावर उतरवून तिच्या मनगटाच्या फोटोवर ठेवून बघितलं. हे सगळं ती खुर्चीत बसण्याच्या आधीच्या दोन रात्रींचं काम. ती आली नसती तर ती सही मी दुसऱ्या कुणाला काढून देणार होते?

मामा : हे मान्य. पण मग त्याचे पैसे त्याच्या नावाने घे. तू सगळं एकाच ‘अ‍ॅडव्हान्स’मध्ये कोंबतेस, म्हणून समोरच्याला वाटतं की नुसत्या खुर्चीचं भाडं कापलं. आमच्या आईला गोंदवलं तेव्हा असलं काही नव्हतं. जत्रेत गोंदणारी बसलेली असायची, बायका पुढ्यात बसायच्या, हातावर तुळस उमटायची, पैसे द्यायचे आणि घरी यायचं. ना तारीख, ना अ‍ॅडव्हान्स.

भाची : तारीख होतीच की. जत्रेचीच तारीख. गोंदणारीला ती ठाऊक, गावालाही ठाऊक, म्हणून वेगळी ठरवावी लागत नव्हती. शिवाय तिचे नमुने ठरलेले, तुळस, कपाळावरचे ठिपके, नवऱ्याचं नाव. काम झटपट उरकायचं, कारण एकीला टोचलेली सुई दुसरीला चालायची. त्यातून कावीळ किंवा आणखी काय काय पसरतं हे तेव्हा कुणाला माहीत? आज प्रत्येकासाठी नवं सीलबंद कार्ट्रिज, रंगाच्या नव्या टोप्या, मशीनला आणि वायरला प्लास्टिकचं वेष्टण, टेबल पुसून त्यावर नवा कागद. एक माणूस उठलं की सगळं कचऱ्यात, पुढच्यासाठी पुन्हा पहिल्यापासून. म्हणून माझ्याकडे रांग लावून काम होत नाही.

आणि एक विचारू? आजीला कुणी विचारलं होतं का, आज गोंदवायचं की पुढच्या जत्रेला? गोंदवायचं की नाही, हे तरी?

मामा : नाही गो. ती तेव्हा पोर होती. थोरल्यांनी बसवली. ती सांगायची, मेल्यावर बाकी सगळं इथेच राहतं, गोंदण तेवढं बरोबर येतं. पण बसताना ती रडली होती, हेही तीच सांगायची.

भाची : म्हणजे तारीख बदलायची सोय हीसुद्धा नवी आणि चांगली गोष्ट आहे. ती मला काढून टाकायची नाहीये. मला फक्त तिची किंमत एकट्या माझ्या खिशातून जायला नको आहे.

मामा : किंमत नेमकी किती, तेच बघू. माणूस आलं नाही तर तुझं ते कार्ट्रिज वाया जातं का?

भाची : नाही. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत फोडायचं हा माझा नियम. त्यामुळे ते शिल्लक राहतं. वाया जाते ती सकाळ, आणि डिझाइनवर घातलेले तास.

मामा : मग तेवढंच मागायचा तुला हक्क. कायदाही साधारण हेच सांगतो. १८७२चा करार कायदा आहे, त्याच्या ७४व्या कलमाप्रमाणे करारात दंडाचा आकडा लिहून ठेवला म्हणून तो सगळा मिळतोच असं नाही. मिळते ती वाजवी भरपाई, लिहिलेला आकडा ही तिची वरची मर्यादा. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या खटल्यात म्हटलं की समोरच्याचं नुकसानच झालेलं नसेल तर इसारा जप्त करता येत नाही. ते प्रकरण जमिनीचं, कोटींचं होतं. पण तत्त्व गाळ्यालाही तेच. शिवाय २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित कराराची व्याख्या आहे. नुकसानीच्या मानाने अवाच्या सवा दंड लावणं त्यात बसतं. तुझी पाटी त्या कायद्यापुढे टिकणं अवघड आहे.

भाची : मामा, दीड हजाराच्या अ‍ॅडव्हान्ससाठी कोण ग्राहक आयोगाकडे जाणार आहे?

मामा : कुणी जाणार नाही, म्हणूनच तू स्वतःहून नीट वागायला हवंस. जिथे कोर्टाचा धाक पोचत नाही तिथे रिवाजच लागतो.

भाची : बरं. मग असं करू. अ‍ॅडव्हान्सचे दोन भाग. एक डिझाइनचा. मी काम सुरू केलं की तो माझा, कारण ते काम मी केलेलं असतं. दुसरा खुर्चीचा. तीन दिवस आधी कळवलं तर तो पूर्ण पुढच्या तारखेला वळता, नको असेल तर पूर्ण परत. आदल्या दिवशी कळवलं तर अर्धा. काहीच न कळवता आलं नाही, तर तो गेला.

मामा : आता कसं बोललीस! आणि हे पैसे घेण्याआधी सांगायचं, नंतर नाही. जीपे झाल्यावर नियमांचा फोटो पाठवणं म्हणजे गाडीत बसल्यावर भाडं सांगणं. पण अजून एक गोष्ट राहिली, आणि माझ्या लेखी ती सगळ्यांत मोठी. माणूस घाबरलं तर?

भाची : म्हणजे?

मामा : गाडी चुकली तर माणूस दुसऱ्या दिवशीच्या गाडीने जातं. टॅटू चुकला तर ते आयुष्यभर बाही खाली ओढत बसतं, नाहीतर लेझरच्या खेपा घालतं. आपल्याकडे ‘नको’ म्हणायची भीड मोठी. भीड भिकेची बहीण म्हणतात, ते उगाच नाही. त्यात पैसे अडकले असतील तर माणूस मनाविरुद्ध सुईखाली हात देतं. तुझा नियम कुणाला असं ढकलत असेल, तर तो नियम वाईट.

भाची : हे झालंय माझ्याकडे. एक मुलगी खुर्चीत बसली. हात पुसला, स्टेन्सिलचा जांभळा ठसा उमटवला, आरसा दिला. ती ठशाकडे बघत राहिली आणि तिची बोटं आत वळली. तोंडाने काही बोलेना. बरोबरची मैत्रीण म्हणाली, ‘अगं, पैसे भरलेत ना, आता बस.’ मी मशीन खाली ठेवलं, कापसावर स्पिरिट घेतलं आणि ठसा पुसून टाकला. ठसा पुसला जातो, मामा. त्यानंतरचं काही पुसलं जात नाही.

मामा : फार चांगलं केलंस. पैसे?

भाची : पाटीप्रमाणे ठेवून घेतले.

मामा : मग त्या मैत्रिणीने काय शिकावं? उद्या ती आली आणि तिला भीती वाटली, तर ती पैशांपायी बसेल की नाही?

भाची : बसेल. खरं आहे. म्हणजे पाटीवर आणखी एक ओळ हवी. खुर्चीत बसल्यावरही, सुई टेकायच्या क्षणापर्यंत, नको म्हणता येईल, आणि त्यासाठी डिझाइनपलीकडे एक पैसाही जाणार नाही.

मामा : तुझी सकाळ वाया गेली तरी?

भाची : तरी. न सांगता गायब होणारं माणूस वेगळं आणि येऊन, बसून, प्रामाणिकपणे नको म्हणणारं वेगळं. दुसऱ्याची ती सकाळ मी माझ्या धंद्याच्या खर्चात धरीन.

मामा : आता दुसरं. कारणं. कुणाच्या घरी सुतक येतं, कुणाचं मूल आजारी पडतं, परशुराम घाटात दरड येते, एसटी लांज्यातच बंद पडते. कारण बघून सूट द्यायला नको का? माणुसकी म्हणून?

भाची : इथे मी तुमच्या विरुद्ध आहे. मी कारणं विचारायचं सोडलंय.

मामा : का गो?

भाची : कारण विचारलं की लोक खोटं बोलतात, आणि ते खोटं मीच त्यांच्याकडून काढून घेतलेलं असतं. ज्याला गोष्ट रंगवता येते त्याला सूट मिळते. जी गप्प पोर नुसतं ‘जमणार नाही’ म्हणते, ती पैसे गमावते. शिवाय काही कारणं सांगण्यासारखी नसतात. कुणाचं लग्न मोडलेलं असतं आणि त्याच माणसाचं नाव काढायचं ठरलेलं असतं. कुणाला नुकतेच दिवस गेल्याचं कळलेलं असतं, तेव्हा टॅटू पुढे ढकलणंच शहाणपणाचं. ते घरी कुणाला सांगायच्या आधी मला का सांगावं? मी एवढंच बघते, की कळवलं कधी. माझ्या वहीत तारखेपुढे कारणाचा रकानाच नाही.

मामा : आणि दरड? पूर?

भाची : जे अख्ख्या जिल्ह्याला दिसतंय त्याला पुरावा कशाला? २०२१च्या जुलैत चिपळूण पाण्याखाली होतं. तशा दिवशी ‘यायला जमत नाही’ असा मेसेजही यायची गरज नाही. तारीख आपोआप पुढे, पैसे सगळे जागच्या जागी. सुतकाचंही तसंच. गावात कळतंच, आणि नाही कळलं तरी त्या घरात टॅटूवालीला फोन करायचं भान कुणाला असणार? उशिरा कळलं तरी मी ते न कळवण्यात धरत नाही.

मामा : तुझं म्हणणं मला आमच्या खात्याच्या भाषेत समजलं. कोकण रेल्वे दर पावसाळ्यात वेगळं वेळापत्रक लावते. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत गाड्यांचा वेग कमी, म्हणून सुटायच्या-पोचायच्या वेळा निराळ्या. २००३ला वैभववाडीजवळ आणि २००४ला करंजाडीजवळ जे अपघात झाले, त्यानंतर पावसातल्या वेगाबाबत सगळेच जास्त जपायला लागले. आता वेळा बदलल्या म्हणून खिडकीवर भांडण होत नसे, कारण त्या आधी जाहीर झालेल्या असत. भांडण व्हायचं ते गाडी का थांबली हे कुणी सांगितलं नाही की. वेळ बदलणं लोक सोसतात. ताटकळत ठेवणं सोसत नाहीत.

भाची : अगदी तेच. आणि मामा, निम्म्या तारखा बदलतात त्या मुळात चुकीच्या घेतल्या जातात म्हणून. ताज्या टॅटूची कातडी वरून भरून यायला दोन-तीन आठवडे लागतात. तोवर समुद्र नाही, कडक ऊन नाही, घर्षण नाही. हे डोक्यात ठेवून आपल्या इथलं वर्ष बघा. शिमग्याच्या तोंडावर मुलगा येतो, खांद्यावर महादेव हवा म्हणतो. मी विचारते, पालखीला खांदा देणार ना? मग काम शिमग्यानंतर. पालखी नाचवताना लाकडाखाली ताजा खांदा सोलवटून निघेल. आंब्याच्या दिवसांत बागेत राबणाऱ्याच्या हातावर नको, कारण देठाचा चीक धड कातडीलासुद्धा भाजतो. गणपतीला चाकरमानी येतात, त्यांना वाटतं सुट्टी आहे तर उरकून घेऊ. पण दोन दिवसांनी मूर्ती घेऊन मांडवीला पाण्यात उतरायचं असतं. त्यांना मी पहिल्याच फोनवर नाही म्हणते.

मामा : पाण्याचं एवढं काय? खारं पाणी जखमेला चांगलं म्हणायचे जुने लोक.

भाची : समुद्राच्या कोमट पाण्यात व्हिब्रिओ जातीचे जंतू असतात. अमेरिकेत एक माणूस पायावर टॅटू काढल्यावर पाच दिवसांनी मेक्सिकोच्या आखातात पोहला आणि त्या संसर्गाने दगावला. त्याचं यकृत आधीच खराब होतं, हे खरं. २०१७ साली ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात ते प्रकरण छापून आलं. असं क्वचितच होतं, पण ज्याला ताप आणि सूज टाळायची आहे त्याने आरे-वारेची सहल आणि टॅटू एका आठवड्यात घालू नये.

मामा : मग मिरकरवाड्यावरच्या पोरांनी काढायचाच कधी? त्यांचं पोट खाऱ्या पाण्यावर.

भाची : त्यांचा मोसम ठरलेला आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्याला, खलाशी मोकळा. मेमध्येच मी त्यांच्यासाठी जूनच्या तारखा राखून ठेवते. त्यांच्यापैकी तारीख बदलणारे फार थोडे, कारण तारीखच त्यांच्या कामाच्या हिशेबाने बसवलेली असते. उपासाचंही तसंच. एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र असेल तर मी आधीच विचारते. रिकाम्या पोटी खुर्चीत चक्कर येते. आणि सैन्यभरतीची तयारी करणारा असेल तर जागा विचारते. कोपर ते मनगट आतली बाजू आणि तळहाताची मागची बाजू एवढंच त्यांना चालतं. दुसरीकडे काढून भरतीत बाद होण्यापेक्षा तारीख रद्द झालेली बरी. रक्तदान शिबिरात नाव दिलेल्यालाही आधी शिबीर करून ये म्हणते, कारण टॅटूनंतर वर्षभर रक्त घेत नाहीत.

मामा : हे सगळं तू विचारतेस ते उत्तमच. पण गिऱ्हाइकाने काय काय करायचं ते ऐकलं. आता तुझी पाळी. तुझ्यासारख्यांकडे अकराची वेळ दिलेलं माणूस एकपर्यंत ‘जरा बसा’ ऐकत असतं. ते राजापूरहून रजा टाकून आलेलं, परतीची एसटी पाचची. गिऱ्हाइकाला उशीर झाला की नियम, आणि तुला झाला की ‘जरा बसा’?

भाची : आधीच्याचं काम लांबतं. कुणाची कातडी रंग लवकर घेत नाही, कुणी मध्ये चारदा उठतं. अर्धवट सोडता येत नाही.

मामा : लांबणारच. म्हणून दोन कामांच्या मध्ये तासभर मोकळा सोड. आणि लांबतंय हे दहालाच कळलं असेल तर दहालाच फोन कर, म्हणजे ते माणूस लांज्यात चहा पिऊन सावकाश निघेल. तू ज्या मोजमापाने त्याला मोजतेस, त्यानेच तुला मोजलं पाहिजे. आणि तूच तारीख रद्द केलीस तर?

भाची : पुढची तारीख सगळ्यांत आधी त्याला.

मामा : एवढ्यावर भागत नाही. ‘पैसे वळते करते’ असं सांगून त्याला अडकवू नकोस. त्याला हवे असतील तर सगळे परत, डिझाइनचेसुद्धा. शब्द तू मोडलास.

भाची : डिझाइनचेसुद्धा? काम तर मी केलेलं असतं.

मामा : केलंस, पण त्याच्या हाती काय पडलं? त्याला ते चित्र हवं असेल तर पैसे ठेव आणि चित्र दे. नको असेल तर पैसे परत.

भाची : हे पटलं. एक अपवाद ठेवते. माणूस दारू पिऊन आलं, अंगात ताप आहे, उन्हाने कातडी लाल झाली आहे, जिथे काढायचं तिथे पुरळ आहे, तर मी त्या दिवशी हात लावत नाही. ती रद्द केलेली तारीख माझ्या खात्यात धरू नका.

मामा : दारूचं ठीक. पुरळ त्याने मुद्दाम उठवलं का? तिथे पैसे कापू नकोस.

भाची : नाही कापत. दारूला कापते.

मामा : आणि ती मोठी कामं, पाठभर, पायभर? त्यांच्या तारखा कशा धरतेस?

भाची : आपल्या गावाला त्याचं उत्तर फार जुनं माहीत असायला हवं. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला १८८६ साली इथे आणून ठेवलं. त्या काळचे ब्रह्मदेशी पुरुष कमरेपासून गुडघ्यापर्यंत गोंदवून घेत, आणि ते काम एका बैठकीत होत नसे. थोडं काढायचं, शरीराला सावरू द्यायचं, मग पुढचं. आजही तसंच. एका भागावर पुन्हा सुई फिरवायची तर मध्ये तीन-चार आठवडे हवेतच. म्हणून मोठ्या कामाच्या सगळ्या तारखा मी पहिल्याच दिवशी लिहून देते, आणि अ‍ॅडव्हान्स एकच घेऊन शेवटच्या बैठकीत वळता करते. मधली तारीख पुढे गेली तर कातडीचं काही बिघडत नाही. बिघडतं ते इतकंच, की अर्धवट चित्र अंगावर घेऊन माणूस फिरतं आणि लोक विचारतात, कुणी काढलं?

मामा : म्हणजे तुझ्या नावाचाही प्रश्न.

भाची : आहेच की. आमची जाहिरात लोकांच्या अंगावर फिरते.

मामा : आता मला एक सांग, चांगला मेसेज कसा असतो? लोकांना कळवायचं असतं, पण कसं लिहावं कळत नाही, म्हणून लाजेने फोनच बंद ठेवतात.

भाची : माझ्याकडे आलेला एक तुम्हाला वाचून दाखवते, नाव सोडून. ‘नमस्कार ताई. शनिवारी ११ची वेळ माझी होती. येता येणार नाही. ती वेळ दुसऱ्या कुणाला द्यावी. मला पुढच्या आठवड्यात मंगळवार किंवा गुरुवारी दुपारनंतर जमेल. नसेल जमत तर तुम्ही सांगाल ती तारीख.’ हा बुधवारी आला. ना रडगाणं, ना खोटं कारण. कुठली वेळ ते स्पष्ट, सोडली ते स्पष्ट, पुढचे दोन पर्याय दिलेले. मी दोन मिनिटांत उत्तर दिलं आणि शनिवार दुसऱ्याला गेला. कुणाचं एक पैशाचं नुकसान नाही.

मामा : आणि वाईट?

भाची : ‘बघतो.’ एवढाच. येणार का विचारलं की ‘बघतो’. ‘नाही’ चालतं, ‘बघतो’ चालत नाही. त्याच्यासाठी मी वेळही धरून ठेवते आणि भरवसाही नसतो.

मामा : आपल्या लोकांना ‘नाही’ म्हणणं उद्धट वाटतं. ‘बघतो’ म्हणजे त्यांच्या मते सभ्यपणे दिलेला नकार.

भाची : म्हणून मी आता दोन दिवस आधी स्वतः विचारते, आणि पहिलंच वाक्य लिहिते, ‘येणार नसाल तरी मोकळेपणी सांगा, राग नाही.’ तेव्हापासून उत्तरं सरळ यायला लागली.

मामा : आता शेवटचं. न कळवता जो दोनदा आला नाही, त्याला तिसऱ्यांदा तारीख देशील?

भाची : देईन, पण पूर्ण पैसे आधी घेऊन.

मामा : मी असतो तर एकदा समोर बसवून विचारलं असतं, बाबा, तुला हा टॅटू हवाय तरी का? दोनदा न येणारं माणूस बेफिकीरच असेल असं नाही. घाबरलेलं असेल, आणि ते त्याला स्वतःलाच नीट कळलं नसेल. त्याच्याकडून पूर्ण पैसे आधी घेणं म्हणजे तीच जुनी पाटी मागच्या दाराने आत आणणं.

भाची : आणि बेफिकीर असेल तर तिसरी सकाळही माझीच जाणार.

इथे दोघांचं एकमत झालेलं नाही. मी या मुद्द्यावर मामांच्या बाजूचा आहे. धंदा करणाऱ्याची सकाळ मोलाची असते, आणि ती बुडवणाऱ्याने तिची किंमत द्यावी, यात वाद नाही. पण टॅटू ही परत न करता येणारी गोष्ट आहे. अशा गोष्टीत पैशांची अडवणूक जितकी घट्ट, तितकी माणसं मन नसताना पुढे जाण्याची भीती जास्त. म्हणून पूर्ण पैसे आधी मागण्यापूर्वी तो एक प्रश्न विचारायलाच हवा. उत्तर ठाम ‘हो’ आलं, तर भाचीने पैसे खुशाल आधी घ्यावेत.

बाकी रिवाज दोघांनी मिळून बसवलेला आहे, आणि तो कुठल्याही गाळ्यात चालेल असा आहे. नियम पैसे घेण्याआधी सांगावेत. केलेल्या कामाचे पैसे वेगळे, अडवलेल्या वेळेचे वेगळे धरावेत. तारीख घेतानाच पालखी, विसर्जन, उपास, समुद्र आणि आंब्याचा चीक यांचा विचार व्हावा. उशिराचं माप दोन्ही बाजूंना एकच असावं. कारण कुणी विचारू नये, कुणी रचून सांगू नये. येणार नसाल तर ते ज्या घटकेला ठरलं त्याच घटकेला कळवावं. आणि सुई टेकेपर्यंत ‘नको’ म्हणणाऱ्याला कुणी पैशांची आठवण करून देऊ नये.